पायाशी चार बोटं

आमच्या कारखान्यात सतरा वर्षं एक पेटी उभी होती, आणि ती कुणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबोडकी खोली, मागे लाकूड ठेवायची पडवी आणि पुढे रस्त्याकडे एक मोठी काचेची खिडकी. पेटी म्हणजे माणसाला पुरायची पेटी. आमचा धंदाच तो. मिस्त्री पेट्या बनवायचे आणि मी त्यांना आतून अस्तर लावायचे. नवरा गेल्यावर त्याच्या पेटीचं अस्तर मीच शिवलं. ते बघून मिस्त्री म्हणाले, "बाई, हात चांगला आहे. उद्यापासून या." तेव्हापासून मी तिथेच. मी फार गोड बोलणारी बाई नाही. तिथली गिऱ्हाइकं तशी तक्रारही करत नाहीत.

मिस्त्रींना सगळे मापमिस्त्री म्हणत. त्यांना टेप लागायची नाही. मयताच्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे, टोपी काढायचे, एकदा बघायचे आणि परत येऊन फळ्या कापायला घ्यायचे. खांद्यांना दोन बोटं जास्त आणि पायाशी चार. मी एकदा विचारलं, "चार कशाला?" तर म्हणाले, "झोपेत माणूस पाय ताणतो, बाई. त्याला तेवढी मुभा नको?" त्यांची एकही पेटी आखूड निघाली नाही की सैल झाली नाही.

जिवंत माणसाचं माप मात्र घ्यायचं नाही, हा त्यांच्या बापाने घालून दिलेला नियम होता. कुणी टवाळखोर पुढे येऊन छाती काढून म्हणायचा, "मिस्त्री, माझं किती भरेल?" की हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. तरी लोक बिचकायचेच. लग्नसमारंभात त्यांच्या समोरची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची. न्हावी म्हणायचा, "मिस्त्री, आरशात माझ्याकडे बघू नका, वस्तरा हलतो." मिस्त्री हसायचे. त्या काळी ते हसायचे.

हा नियम त्यांनी मोडला तो फक्त सख्ख्या धाकट्या भावासाठी. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि तीत माझाही हात आहे. तो आधीच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा राहून जायचं.

धाकटा भाऊ काचवाला. घराघरांतून खिडक्यांना काचा बसवायचा. उंच, हडकुळा, बोटांवर कायम कापल्याच्या खुणा. आई त्याच्याकडे असायची. मिस्त्रींच्या बायकोचं आणि सासूचं जमलं नव्हतं. पुढे बायको गेली, तरी आई धाकट्याकडेच राहिली. त्या उन्हाळ्यात मिस्त्री दूरच्या एका लाकडाच्या वखारीत गेले होते. कुठलंसं जुनं सभागृह पाडलं होतं आणि त्याच्या तुळयांचा लिलाव होता. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, मिस्त्रींना त्याची स्वप्नं पडायची.

मंगळवारी सकाळी काचवाला धापा टाकत कारखान्यात आला. "बाई, आईचं काही खरं दिसत नाही. दादाला फोन करा, आजच निघ म्हणावं." तेव्हा फोन फक्त कारखान्यात होता. तो आईपाशी परत पळाला आणि मी फोन लावला. फोन लागला. वखारीच्या माणसाने मिस्त्रींना बोलावलं. मी सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ करवतीचा आवाज येत राहिला. मग मिस्त्री म्हणाले, "उद्या लिलाव आहे, बाई. परवा येतो. आईचं काय, ती दर महिन्याला निघते आणि दारातून परत येते." आणि हसले.

बुधवारी दुपारी आई गेली. मी पुन्हा फोन लावला, पण लिलावाच्या गडबडीत कुणी उचलला नाही. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. बर्फ मिळेना. गुरुवारी सकाळी चर्चचे पाळकसाहेबच म्हणाले, आता थांबता येणार नाही. काचवाल्याने दुसऱ्या एका दुकानातून तयार पेटी आणली. ती आखूड निघाली. बदलायला वेळ नव्हता आणि दुसरी मिळतही नव्हती. त्या खोलीत त्याने काय केलं ते मी पाहिलं, कारण अस्तर नीट करायला मीच गेले होते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मिस्त्री गुरुवारी संध्याकाळी ट्रकभर लाकूड घेऊन आले. कबरस्तानाच्या फाटकाशी माणसं अजून रेंगाळत होती. कबर खणणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही, त्याने लगेच सांगितलं, "पेटी आखूड होती मिस्त्री, म्हातारीचे गुडघे वाकवावे लागले." मिस्त्री भावापुढे जाऊन उभे राहिले.

"मी जगाला पेट्या केल्या," ते म्हणाले, "आणि माझ्या आईला तू दुमडून घातलीस. मला कळवलंसुद्धा नाहीस."

काचवाला गोंधळला. "कळवलं होतं, दादा. बाईंना फोन करायला सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्रींनीही बघितलं. नोकरी, खोलीचं भाडं, शाळेत जाणारी मुलगी, सगळं त्या एका नजरेत माझ्यासमोर येऊन गेलं. मी म्हणाले, "फोन लागला नाही."

एवढंच. तीन शब्द. बुधवारी तो खरंच लागला नव्हता, अशी मनाची समजूत मी पुढे कित्येक वर्षं घालत राहिले. काचवाल्याने मान खाली घातली. "मीच जायला हवं होतं," तो पुटपुटला. मिस्त्री मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझी पेटी मी करतो. ती आखूड होणार नाही." मग त्यांनी भर माणसांत भावाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माप घेतलं.

चार दिवसांत पेटी तयार झाली, त्याच लिलावातल्या लाकडाची. इतकी सुबक पेटी मिस्त्रींनी आधी केली नव्हती आणि नंतरही नाही. सांधा कुठे आहे ते बोटालाही लागायचं नाही. त्यांनी ती खिडकीसमोरच्या कोपऱ्यात उभी केली, झाकण लावून, तोंड रस्त्याकडे. मला अस्तर शिवायला सांगितलं. मी शिवलं. नाही म्हणायला तोंड कुठे उरलं होतं?

मग वर्षं गेली. दर शनिवारी मिस्त्री पेटी पुसायचे. एकदा एक परगावचा माणूस ती बघून हटून बसला, हीच हवी म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "ती ठरलेली आहे." त्या माणसाने हसत विचारलं, "माणूस कधी गेला?" मिस्त्री म्हणाले, "अजून जायचाय." तो माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. कोरड्या हवेत लाकूड तडकायचं, भर दुपारी आतून कुणी बोटाने टकटक केल्यासारखं. माझी सुई तिथल्या तिथे थांबायची. मिस्त्रींचा रंधाही थांबायचा. मग आम्ही एकमेकांकडे न बघता पुन्हा कामाला लागायचो.

काचवाला रोज त्याच रस्त्याने जायचा. दुसरा, लांबचा रस्ता होता, पण त्याने तो कधी धरला नाही. पाठीवर काचा अडकवायचा लाकडी घोडा, पावलं संथ. तो खोकला की लोकांचं लक्ष आधी आमच्या खिडकीकडे जायचं. एका वादळात खिडकीची काच फुटली. मिस्त्रींनी पुठ्ठा लावला. गावात काचवाला एकच होता आणि त्याला बोलावणार कोण? दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. पुठ्ठा काढला, चौकटीला काच चिकटवायची जुनी लांबी खरवडली, नवी काच बसवली, कडेने अंगठा फिरवून बघितला. पेटी त्याच्यापासून दोन हातांवर होती. मिस्त्रींनी मान वर केली नाही. तो गेला. त्यानंतर सगळं गाव ती पेटी त्यानेच बसवलेल्या काचेतून बघत राहिलं.

रविवारी दोघेही उपासनेला यायचे, एक डाव्या बाकांवर, एक उजव्या. मी मिस्त्रींच्या मागे बसायचे. त्यांचा आवाज खर्जातला, भरदार. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की तो ऐकू यायचा, आणि जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हालाही कर, या ओळीशी आला की बंद पडायचा. पुढच्या ओळीला परत सुरू. प्रभुभोजनाचं ताट आलं की ते न घेता शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. मी मात्र सगळी प्रार्थना म्हणायचे, ताटही घ्यायचे. दोघांत जास्त खोटं कोण, याचा हिशेब करण्याची गरज नाही, मला उत्तर माहीत आहे.

पाळकसाहेबांनी एकदा कारखान्यात येऊन समजावलं. "मिस्त्री, प्रभुभोजनाच्या मेजापाशी येण्याआधी भावाकडे जा. मग या." मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "पाळकसाहेब, अपराध ज्याचा त्याने यावं." पाळकसाहेबांनी पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "अपराध कुणाचा, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?" रंधा थांबला. मी तोंड खाली घालून सुरकुत्या सरळ करत बसले. ज्या कापडात सुरकुती नव्हती त्याच्यातल्या.

नवव्या वर्षी काचवाला शिडीवरून पडला. सकाळी बातमी आली तेव्हा तो जगेल की नाही कळत नव्हतं. मिस्त्रींनी हातातली पटाशी ठेवली आणि पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. दुपारपर्यंत बसून होते. मग उठून कुऱ्हाड आणली. पेटीपुढे उभे राहिले. कुऱ्हाड उचललीही. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी ती खाली ठेवली.

"मोडा ना," मी म्हणाले.

"मोडली तर लोक म्हणतील, घाबरला."

"घाबरलाच आहात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. काचवाला तेव्हा वाचला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पेटी शनिवारी पुन्हा पुसली गेली. पण तेव्हापासून पुसून झाली की ते तिच्याकडे पाठ करून बसायचे. त्यांना वाटायचं, आपण तोंडातून काढलेला शब्द तिथे उभा आहे आणि वाट बघतोय. मलाही तसंच वाटायचं.

सतराव्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, काचवाल्याची मुलगी दारात आली. बापासारखीच उंच. मिस्त्रींशी ती जन्मात बोलली नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मोठे काका, बाबांनी विचारायला पाठवलंय."

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. मीच म्हणाले, "काय गं?"

"डॉक्टरांनी हात टेकलेत. पोटातली गाठ सगळीकडे पसरलीय. बाबा म्हणाले, पेटी अजून आहे ना ते बघून ये. असली तर बाहेरचं बघायला नको." तिने कोपऱ्याकडे बघितलं. "आहे म्हणून सांगते." आणि ती गेली.

मिस्त्री उभ्या जागी खाली बसले, भुशात. सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते दाराशी आलं होतं आणि त्याने किती साध्या आवाजात चौकशी केली होती! मी पाणी दिलं. मग मीच म्हणाले, "मिस्त्री, त्याला खरं कळायला हवं. तुम्ही सांगता की मी जाऊन सांगू?"

"काय खरं?"

"मंगळवारी फोन लागला होता."

त्यांनी गुडघ्यांवरचा भुसा झटकला. "तुम्ही विसरलात असं मला वाटायचं," ते म्हणाले.

"मी विसरले असते तर माझ्याइतकी सुखी दुसरी कुणी नसती. उठा."

दुपारी आम्ही गेलो. काचवाल्याची खोली लहान, पण खिडकी मोठी आणि काच स्वच्छ. तो उशीला टेकून बसला होता. मी त्याला महिनाभर बघितलं नव्हतं. गालांचे खड्डे, हातांच्या काड्या. मिस्त्री दाराशी थांबले, सवयीने हात टोपीकडे गेला, आणि मग लक्षात येऊन त्यांनी तो हात चटका बसल्यासारखा खाली घेतला.

"ये दादा," काचवाला म्हणाला. "मी आहे अजून."

मुलगी पाणी तापवायला आत गेली. मिस्त्री खाटेशी गुडघ्यांवर बसले. त्या गुडघ्यांना वाकायची सवय उरली नव्हती, कडकड वाजले. त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारचा फोन, करवत, लिलाव, आई दर महिन्याला निघते हे वाक्य, आणि ते हसणं. काही झाकलं नाही, काही सावरलं नाही. "मी आलो असतो तर आई माझ्या पेटीत गेली असती, सरळ. आखूड पेटी तुझ्यामुळे नाही आली, माझ्यामुळे आली. आणि तुला मी भर माणसांत बोललो. तुला शाप दिला, लाकडाचा. मला माफ कर."

काचवाल्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोलले. पोटासाठी."

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर पानं पडत होती. मग बोलला, तेव्हा आवाज चिरका झाला होता. "आईचे गुडघे मी या हातांनी वाकवले. एकदा आवाज आला. सतरा वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे. मला वाटायचं, मी स्वतः गेलो असतो बोलवायला तर हे झालं नसतं. आणि तुम्हा दोघांना ठाऊक होतं."

मिस्त्रींनी कपाळ खाटेच्या काठाला टेकवलं.

"पेटीबद्दल मी तुला केव्हाच माफ केलं होतं, दादा. दर रविवारी करायचो, सोपं जायचं. पण हे आज कळतंय. याला मला वेळ लागेल." मग तो किंचित हसला, आणि ते हसू बघवेना. "आणि वेळ नाहीये. बाई, तुमचं नंतर बघू. आधी याचं."

"मी रोज येतो," मिस्त्री म्हणाले.

"ये."

ते रोज गेले. मीही जायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. काचवाला बोलायचा नाही. मिस्त्री त्याचं तोंड पुसायचे, पाणी द्यायचे, कूस बदलायला हात द्यायचे. तो हात द्यायचा, शब्द द्यायचा नाही. एकदा त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि मिस्त्री निघेपर्यंत वळवलं नाही. तो दिवसेंदिवस कमी होत होता. पाळकसाहेब आले, प्रार्थना म्हणू लागले. क्षमेच्या त्या ओळीशी मिस्त्रींचा आवाज या वेळी थांबला नाही, फुटला; पण थांबला नाही. काचवाल्याचा थांबला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. पाळकसाहेबांनी घाई केली नाही, पुढची ओळ घेतली.

मला भीती वाटायला लागली. हा असाच गेला तर? मग ती पेटी खरी ठरणार होती. तिच्यात तो जाणार होता, आणि मिस्त्री जिवंतपणी तिच्याबरोबर.

नवव्या दिवशी दुपारी काचवाल्याने डोळे उघडले. म्हणाला, "दादा, ती पेटी मला मोठी होईल."

मिस्त्रींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सतरा वर्षांपूर्वीचं माप ते. आता मी निम्माही उरलो नाही. आत खडखडेन." त्याने धाप घेतली. "माप घे."

"जिवंत माणसाचं नाही घेत," मिस्त्री म्हणाले. रडत होते.

"एकदा घेतलंस ना रागाने? आता नीट घे. आईसारखं आखूड नको करूस, आणि सैल नको." मग त्याने तो काड्यांचा हात उचलून भावाच्या डोक्यावर ठेवला. "झालं, दादा. माफ आहे. प्रभूपुढे सांगतो, सगळं माफ आहे. घे आता."

मिस्त्रींना डोळ्यांनी माप घेता येईना. डोळ्यांना काही दिसतच नव्हतं. माझ्या पिशवीत शिवणाची टेप होती, ती दिली. त्यांनी भावाच्या डोक्यापासून पावलांपर्यंत टेप धरली, हलक्या हाताने, तान्ह्याला लंगोट बांधावा तशी. खांदे मोजले. काचवाला पडल्या पडल्या बघत होता. "थंड आहे टेप," म्हणाला.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी खिडकीतली पेटी मोडली. कुऱ्हाड घेतली नाही, एकेक स्क्रू काढला. फळ्यांवरचं सतरा वर्षांचं पॉलिश रंधून काढलं आणि त्याच लाकडातून नवी पेटी केली, लहान, अरुंद. मी जुनं अस्तर चुलीत घातलं आणि नवं शिवलं. पाचव्या दिवशी काचवाला गेला, सकाळी, खिडकीकडे तोंड करून.

त्याला पेटीत ठेवलं तेव्हा खोलीत मुलगी, मिस्त्री आणि मी होतो. तो सरळ झोपला होता. मुलीने त्याच्या पावलांपलीकडे हात घातला. चार बोटं बसली, ना कमी ना जास्त. ती मिस्त्रींकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे, मोठे काका." बापाने तिला मिस्त्रींचं सगळं सांगितलं होतं, आणि तिनेही बापामागोमाग त्यांना माफ केलं होतं. मिस्त्री भिंतीला टेकले आणि पहिल्यांदा मोकळे होऊन रडले.

मग तिने अस्तरावरून हात फिरवला आणि माझा हात धरला. "बाई, किती सुरेख शिवलंय. तुमचे उपकार आहेत आमच्यावर. आजीच्या वेळीही तुम्हीच होतात."

म्हणजे माझं खोटं त्याने तिला सांगितलं नव्हतं. झाकून ठेवलं होतं. "नंतर बघू" म्हणाला होता, आणि ते नंतर काही आलं नाही. आता मी गप्प बसले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. मिस्त्री बोलले नसते. गप्प बसण्याचा सराव मला चांगला होता.

बाहेर माणसं पेटी उचलायला थांबली होती. मी झाकणावर हात ठेवला.

"जरा थांब, पोरी," मी म्हणाले. "तो मंगळवारचा फोन मीच लावला होता. लागला होता, आणि मी सगळ्यांपुढे 'नाही' म्हणाले."